हंगामी माणसे
वऱ्हाडच्या कापूस-कामगारांच्या अस्थिरतेचा आणि मनाचा इतिहास

वऱ्हाडचा इतिहास लिहायचा म्हटले की आपली लेखणी गाविलगड आणि नरनाळ्याच्या तटांवर चढते. अचलपूरची इमादशाही, बाळापूरचा किल्ला, पातूरची उर्सपरंपरा यांवर आपण आवडीने लिहितो आणि ते लिहिलेही पाहिजे. पण ज्यांनी दीडशे वर्षे अकोला, बडनेरा, मूर्तिजापूर आणि अचलपूरच्या जिनांमध्ये कापसाच्या गंजीत उभे राहून नाकातोंडात रुईचा भुसा घेतला, त्यांच्याविषयी आपण जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. त्यांचा इतिहास हजेरीच्या वह्यांत होता आणि बहुतेक वह्या रद्दीत गेल्या.

या लेखात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. उद्या काम असेल की नाही, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नसते, त्या माणसाच्या मनाचे काय होते? हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असे समजून आपण बाजूला ठेवतो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. कारण वऱ्हाडातली ही अस्थिरता आभाळातून पडलेली नाही. ती घडत गेली, आणि पुढे कायद्याच्या कागदावर लिहिलीही गेली.

घरातले काम जिनात गेले

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तेव्हा कंपनीची नजर इथल्या काळ्या जमिनीवर आणि कापसावर होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. १८६७ मध्ये भुसावळकडून अकोला-बडनेऱ्यावरून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. तेव्हापासून वऱ्हाडचा शेतकरी आणि मजूर लिव्हरपूलच्या बाजाराला कायमचा बांधला गेला.

त्याआधी सरकी काढण्याचे काम बायका घरी रेच्यावर करीत. रुई पिंजायला खांद्यावर पिंजण घेऊन पिंजारी येई. मोमीन विणकर आपल्या मागावर कापड विणीत. अकोट, बाळापूर भागातल्या सतरंज्या आणि पगड्यांचे उल्लेख जुन्या गॅझेटिअरांत सापडतात. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विणकर सावकाराच्या कर्जात होता आणि पिंजाऱ्याला पोटासाठी गावोगाव हिंडावे लागे. तरी पिंजण त्याचे स्वतःचे होते, माग घरात होता आणि हुनर मुलाच्या हातात देता येत होते. "उद्यापासून येऊ नको" असे सांगणारा कोणी नव्हता.

वाफेवर चालणारी जिने आणि प्रेस उभे राहिले, तेव्हा रेचा घरातून गेला. विलायती सुताने आणि कापडाने हातमागाचे दिवस कठीण केले. पिंजारी तेवढा गाद्या-रजयांच्या आधाराने टिकून राहिला, आणि फोमच्या गाद्या आल्यावर तोही गेला. ज्यांच्या घरात कापसाचे काम होते, तीच माणसे कापसाच्या कारखान्यात मजूर म्हणून उभी राहिली. पिंजारी, मोमीन, महार, कुणबी, तेली, सगळ्या जातीजमातींची माणसे एकाच गंजीत उतरली. जिनात मोठी संख्या बायकांची होती. कापूस वाहणे, तो यंत्राला देणे, कवडी वेचणे ही कामे त्यांच्याकडे असत.

जिनाचे काम दिवाळीच्या आसपास सुरू व्हायचे आणि होळीनंतर ओसरायचे. पीक चांगले आले तर चैत्र-वैशाखापर्यंत लांबायचे, बुडाले तर पौषातच मुकादम हात झाडायचा. उरलेल्या महिन्यांत निंदण, डवरणी, रस्त्याची खडी, विटांची भट्टी, जे मिळेल ते. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, त्यात हेही आधार तुटले आणि माणसे सरकारी कामांवर खडी फोडायला गेली.

अनिश्चितता तर शेतीतही होती, मग नवे काय झाले, असे कोणी विचारील. फरक एवढाच झाला की पूर्वी पाऊस आला नाही तर माणूस आभाळाकडे बघू शकत होता. संकटाचे कारण डोळ्यांसमोर होते. आता जिन लवकर का बंद झाले, मजुरी का उतरली, याचे कारण समुद्रापलीकडे होते. ज्या संकटाला तोंड नाही त्याच्याशी भांडता येत नाही, त्याची फक्त धास्ती घेता येते. वऱ्हाडी मजुराच्या मनातली ही धास्ती तिथून सुरू होते असे आम्हाला वाटते.

कायद्यातला एक शब्द

ही झाली बाजाराची गोष्ट. कायद्याने काय केले? मजुरांच्या बाजूने कायदे झाले हे खरे आहे. पण त्या कायद्यांत 'हंगामी' हा एक शब्द आहे. आपल्या भागाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा ठरला.

१९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही आणि हंगामी असे दोन प्रकार केले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा, तर हंगामी कारखान्यात ६० तासांची. वर्षात कमी दिवस काम, म्हणून त्या दिवसांत जास्त राबवायला मोकळीक. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने तासांमधला हा भेद काढून टाकला. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात पगार, दवाखाना, बाळंतपणाची मदत देणारा हा फार मोठा कायदा. पण तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिले होते. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कामबंदीच्या काळातील भरपाईची तरतूद झाली. तिच्यातूनही हंगामी आस्थापने वगळली गेली. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कायम कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, तर हंगामी आस्थापनेतल्या कामगाराला दर हंगामामागे ७ दिवसांचे.

या प्रत्येक तरतुदीमागे हिशेबाचे काही ना काही कारण असेल. परंतु जिनात वीस-वीस हंगाम काढलेल्या बाईच्या बाजूने हे पाहा. तिचे दुखणे बारमाही, मुलांची भूक बारमाही, घरभाडे बारमाही, आणि ती स्वतः मात्र हंगामी. काम हंगामी असते हे समजू शकते, पण आपण माणसालाच हंगामी म्हणू लागलो. कोणी विचारले की तो स्वतःही सांगतो, "मी हंगामी आहे." ज्याला आपले असणेच तात्पुरते वाटू लागते, त्याला हक्क मागायचा धीर होत नाही. संघटना उभी करायला उद्याही आपण इथेच असू ही खात्री लागते, आणि नेमकी तीच त्याच्याकडे नव्हती.

१९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू झाली. खरेदी केंद्रे उघडली, शेतकऱ्याला हमीचा भाव मिळू लागला आणि जिनांनाही कामाचा थोडा भरवसा आला. तीन दशकांनी खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि ही योजना मोडीत निघाली. या सगळ्या काळात केंद्रावरचा हमाल आणि जिनातला मजूर हंगामीच राहिला.

भोंगा

या अस्थिर प्रदेशात स्थैर्याची काही बेटे होती. ती म्हणजे कापडगिरण्या. अकोल्यात सावतराम रामप्रसाद मिल आणि मोहोता मिल, अचलपुरात विदर्भ मिल, बडनेऱ्यातही गिरणी. भोंगा वाजला की केवळ कामगार नव्हे, अख्खी वस्ती उठायची. मुलांची शाळा, चुलीवरचा तवा, मोहल्ल्यातल्या दुकानांची उधारी, सगळे पाळीवर आणि पगाराच्या तारखेवर चालायचे. 'मिलमध्ये परमनंट' हे दोन शब्द मुलीसाठी स्थळ बघताना पुरेसे असत. जिनातल्या बापाचा मुलगा गिरणीत चिकटला की घराने एक पायरी चढली असे बिरादरीत मानले जाई.

गिरणीतही सगळे कायम नव्हते. 'बदली' कामगार रोज सकाळी दारावर उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर याला काम, नाहीतर डबा तसाच घरी. दुसऱ्याच्या आजारपणावर आपली चूल पेटते, ही जाणीव माणसाच्या मनात काय करीत असेल? कायम होण्याच्या आशेवर अनेकांनी तारुण्याची वर्षे त्या दारावर घालवली.

पुढे गिरण्याच आजारी पडल्या. १९७४ मध्ये केंद्र सरकारने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यात अकोल्याच्या दोन्ही गिरण्या आणि अचलपूरची विदर्भ मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. "मिल सरकारी झाली, आता काळजी नाही," अशी भावना पसरली. पण यंत्रे जुनीच राहिली आणि तोटा वाढत गेला. १९८२ चा मुंबईचा संप आणि त्यानंतरची तिथली वाताहत सगळ्यांनी पाहिली. नव्वदच्या दशकात प्रत्येक अफवा खरी वाटायची. यंदा बंद होणार, दिवाळीनंतर होणार, अधिकारी पाहणीला आले म्हणजे नक्कीच होणार. २००२ च्या सुमारास महामंडळाची पुनर्रचना मंजूर झाली, देशभरातल्या अनेक गिरण्या चालवण्यालायक नाहीत असे ठरले आणि कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. त्यातली 'स्वेच्छा' किती होती, हे सही करणाऱ्यांना ठाऊक.

अचलपुरात मात्र पुन्हा एकदा आशा जागली. मुंबईच्या फिनले गिरणीचे नाव घेऊन महामंडळाने तिथे आधुनिक गिरणी उभारली. परिसरातल्या तरुणांना काम मिळाले, लग्ने झाली, कर्जे काढून घरे बांधली गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर फिनलेही थांबली. टाळेबंदी उठली, बाजार उघडले, पण गिरणीचे काम सुरू झाले नाही. अर्धवट वेतन, मोर्चे, निवेदने आणि आश्वासने यांत वर्षे गेली. गिरणी सुरू आहे असेही नाही आणि कायमची बंद झाली असेही नाही, ही अवस्था सगळ्यांत वाईट. ज्याची नोकरी गेली तो रडतो, सावरतो आणि दुसरे काही शोधतो. ज्याची नोकरी टांगलेली असते, त्याला रडताही येत नाही आणि निघताही येत नाही.

वाट पाहण्याचा आजार

हे आमचे भावनिक बोलणे आहे असे कोणी समजू नये. ऑस्ट्रियातील मारियनथाल या गावात अशीच कापडाची एक गिरणी होती आणि सारे गाव तिच्यावर जगत होते. १९२९-३० मध्ये ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझल या अभ्यासकांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना वाटले होते की वेळ मोकळा झाल्यावर लोक जास्त वाचतील, सभांना जातील. घडले उलटे. वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले, अनेकांनी घड्याळ वापरणे सोडले. बायकांना मात्र घड्याळ सोडता आले नाही, कारण घरकाम संपले नव्हते. अकोल्याच्या गिरणी-वस्त्यांत भोंगा थांबल्यानंतरची दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक सरकारी खाते खासगी हाती जाणार असे ठरले होते. नोकरी अजून कोणाची गेली नव्हती. तरी केवळ त्या चाहुलीने तिथल्या कर्मचाऱ्यांची तब्येत सुरक्षित खात्यांतल्या लोकांच्या तुलनेत ढासळू लागल्याचे दिसले. म्हणजे नोकरी जाण्याइतकीच ती जाईल ही भीतीही माणसाला आजारी करते.

आपल्याकडे हा आजार वेगळ्या नावांनी येतो. कोणी मानसिक त्रास आहे म्हणून दवाखान्यात जात नाही. छातीत धडधड होते, झोप लागत नाही, गॅस डोक्यात चढतो, जीव घाबरतो, घबराहट होते, असे सांगितले जाते. गोळ्या घेतल्या जातात, तावीज बांधला जातो, कोणी नजर उतरवतो. घरात चिडचिड वाढते, मुलांवर हात उगारला जातो, पुरुष चौकात तासन्‌तास बसतो. बाई मात्र शिलाई, मसाला कांडणे, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी असे काही करून चूल चालू ठेवते. तिच्या मनाची विचारपूस तर सगळ्यांत शेवटी होते.

मुस्लिम समाजापुरते बोलायचे तर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, हिंदूंमध्ये हेच प्रमाण सुमारे ५५ टक्के. आपण याला 'आपल्या लोकांना धंद्याची आवड' असे म्हणून समाधान मानतो. पण हातगाडी, गॅरेज, भंगार, फळांची पाटी यांत मालकही आपणच आणि बेकारही आपणच. पगारी रजा नाही, विमा नाही, निवृत्ती नाही. त्यात आणखी एक भीती असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगली झाल्या, निर्बंध लागले, बाजार बंद राहिले. अशा वेळी ज्याचे हातावर पोट आहे तो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, घरात बसून डब्यातले पीठ मोजतो. शांतता ही रोजगाराचीही गरज आहे, हे भडकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

"रिझ्क देणारा अल्लाह आहे, सब्र करा," असे आपण अशा माणसाला सांगतो. श्रद्धेचा आधार फार मोठा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण प्रयत्न सोडून भरवसा ठेवायला कोणी सांगितलेले नाही आणि मजुराचे देणे वेळेवर चुकते करण्याची ताकीद तर दीनमध्येच आहे. सब्राचा उपदेश ऐकून माणूस आपले दुखणे सांगायचे थांबत असेल, तर आपण त्याला आधार देत नाही, त्याचे तोंड बंद करतो.

हे तोंड बंद होणे किती महाग पडते, याची नोंद सरकारी आकड्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०१४ मध्ये देशातल्या आत्महत्यांमध्ये रोजंदारी मजुरांचा वाटा सुमारे १२ टक्के होता. २०२१ मध्ये तो २५.६ टक्के झाला, म्हणजे ४२,००४ माणसे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले, चर्चा झाली. त्याच शेतावर, त्याच जिनात राबणाऱ्या मजुराचे मरण मात्र वेगळे मोजले गेले नाही.

उपाय नाही असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प चालला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांशी बोलत, समजावत, गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत नेत. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आपलीच माणसे, आपलीच गावे. कोणी आपुलकीने विचारले, तेव्हा ती बोलली. आता तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक आहे. त्यावर फुकट बोलता येते. आपल्या मशिदीच्या आणि अंजुमनच्या फलकावर, ठिय्यावरच्या चहाच्या टपरीवर हा क्रमांक लिहायला खर्च येत नाही.

पण केवळ समुपदेशनाने हा प्रश्न सुटणार नाही. ज्याला उद्याची खात्री नाही त्याला धीर धरायला सांगण्यापेक्षा खात्री देणे जास्त उपयोगाचे. आणि महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे केली. मालक रोज बदलला तरी मजुरी, बोनस, भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत त्याला मिळू लागला. काम अस्थिर राहिले, माणूस स्थिर झाला. १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम किंवा बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. ज्याची नोकरी पक्की आहे त्याने कच्च्या नोकरीवाल्याचा भार थोडा उचलावा, हे तत्त्व त्यात होते. जकातीची परंपरा असलेल्या समाजाला हे तत्त्व नवीन नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. असंघटित कामगारांसाठी त्यांत बरेच बोलले गेले आहे. पण कामगार विम्याच्या तरतुदीतून हंगामी कारखाने अजूनही बाहेरच आहेत, आणि परवानगीवाचून कामगार कमी करण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांच्या आस्थापनेपर्यंत नेली आहे. म्हणजे १९३४ पासून चालत आलेला तो शब्द अजून जागचा हललेला नाही.

म्हणून आपल्या लेखक-वाचकांना आमची दोन कामे सुचवण्याची इच्छा आहे. पहिले, जिनात आणि गिरणीत आयुष्य गेलेले जे वृद्ध अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवणे. हजेरीची वही रद्दीत गेली, निदान आठवण जाऊ नये. दुसरे, आपल्या मोहल्ल्यातल्या कामगारांची नोंदणी, मग ती माथाडी मंडळात असो, बांधकाम मंडळात असो की ई-श्रमवर, ती करून देण्यासाठी शिकलेल्या मुलांना आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायला लावणे. नावाची नोंद होणे ही फार छोटी गोष्ट वाटते. पण ज्याचे नाव कुठल्याच वहीत वर्षभर टिकले नाही, त्याला ते टिकलेले पाहणे हाच मोठा दिलासा असतो.